बिल मुंबईचं, माल कुठला? एका ड्रोन निविदेतल्या स्थानिक वाट्याचा हिशेब

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातल्या उद्योगाचं आणि खरेदीदाराचं नाव दिलेलं नाही. दरही बदलले आहेत. एका ड्रोनची निविदेतली किंमत, जीएसटी वगळून, १०० धरली आहे आणि पुढचे सगळे आकडे त्या प्रमाणात आहेत.

पार्श्वभूमी

भांडुपच्या एका औद्योगिक वसाहतीत दोन गाळ्यांत हा उद्योग चालतो. माल एकच, सर्वेक्षणासाठीचा चार पंख्यांचा ड्रोन. बॅटरीसकट वजन साडेतीन किलोच्या आसपास, म्हणजे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ‘स्मॉल’ वर्गातला. कार्बन फायबरच्या प्लेटा वसईजवळ सातिवलीला सीएनसीवर कापून येतात. वायरिंग, जुळणी आणि कॅलिब्रेशन गाळ्यातच होतं. उडवून बघायला मात्र मुरबाडकडे जावं लागतं. विमानतळ, जुहूची धावपट्टी आणि नौदलाच्या जागा यांच्यामध्ये मुंबईत बिनपरवानगीचं हिरवं क्षेत्र फारसं उरत नाही.

या धंद्याला आकार दिला तो सरकारी धोरणानं. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी व्यापार महासंचालनालयानं तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांपुरती सवलत ठेवली. सुट्या भागांची आयात मोकळी राहिली. बंदी पूर्ण सुट्या आणि अर्धवट जोडलेल्या संचांनाही लागू आहे, हे अनेक नव्या मंडळींच्या लक्षात येत नाही. फ्रेम, मोटरी, कंट्रोलर आणि रेडिओ एकाच पुरवठादाराकडून एकाच खेपेत मागवले, तर सहारच्या एअर कार्गोत अधिकारी त्याला ‘भाग’ मानेलच असं नाही. न जोडलेली वस्तू तयार वस्तूच्याच शीर्षाखाली धरायची, असा वर्गीकरणाचा नियम आहे. हा उद्योग सुरुवातीपासून चार वेगळ्या पुरवठादारांकडून माल घेत होता, त्यामुळे तिथे अडकला नाही.

निविदा केंद्र सरकारच्या एका सार्वजनिक उपक्रमाची होती. ३६ ड्रोन, तांत्रिक आणि किमतीचं अशी दोन पाकिटं, एकूण रक्कम दहा कोटींच्या खाली. सोबत प्रशिक्षण आणि तीन वर्षांची देखभाल. टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोनचं मॉडेल तपासून मिळणारा सरकारी दाखला, पुरवठ्याच्या वेळी दाखवायचं होतं. खरेदीदारानं स्वतःची एक अटही घातली होती. फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचं उड्डाण सांभाळणारा बोर्ड), डेटा लिंक (ड्रोन आणि जमीन यांमधला रेडिओ संपर्क), कॅमेरा आणि ग्राउंड स्टेशनचं (जमिनीवरच्या नियंत्रण संचाचं) सॉफ्टवेअर या चार गोष्टींचं मूळ भारताला जमिनीवरून लागून असलेल्या देशांत नसावं.

नियम काय सांगतो

केंद्र सरकारच्या खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणारा ‘मेक इन इंडिया’ खरेदी आदेश १५ जून २०१७ चा. १६ सप्टेंबर २०२० च्या सुधारणेनंतर त्याची चौकट अशी आहे: लोकल कंटेंट, म्हणजे स्थानिक वाटा, ५० टक्के किंवा जास्त असेल तर पुरवठादार क्लास-वन, २० ते ५० च्या मधे असेल तर क्लास-टू, त्याखाली बिगर-स्थानिक. प्राधान्य फक्त क्लास-वनला मिळतं. सर्वांत कमी दर क्लास-वनचा नसेल आणि माल विभागता येत असेल, तर निम्मी ऑर्डर कमी दरवाल्याला जाते. उरलेल्या निम्म्यासाठी, त्या दराच्या २० टक्क्यांच्या आतल्या क्लास-वनला तोच दर देण्याची संधी मिळते.

सूत्र दिसायला साधं आहे. वस्तूची एकूण किंमत, देशांतर्गत अप्रत्यक्ष कर वगळून. त्यातून आयात भागांची किंमत, सीमाशुल्कासकट, वजा करायची. जे उरेल त्याची एकूण किमतीशी टक्केवारी काढायची. दहा कोटींपर्यंतच्या खरेदीत पुरवठादाराचं स्वतःचं घोषणापत्र पुरतं, त्याहून मोठ्या खरेदीत वैधानिक लेखापरीक्षकाचा किंवा कॉस्ट अकाउंटंटचा दाखला लागतो. ही निविदा दहा कोटींच्या खाली होती, म्हणून बाहेरचं कुणी आकडा तपासणार नव्हतं. खरी जोखीम तिथेच होती.

अडचण

पहिला हिशेब मालकांनी खरेदी विभागाकडून घेतला. त्यांनी स्वतः आयात केलेल्या मालाची बेरीज केली: कॅमेरा आणि गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारा सांगाडा) १४, जीएनएसएस (उपग्रहावरून जागा कळणारा) रिसीव्हर आणि फ्लाइट कंट्रोलर १०, डेटा लिंकचा रेडिओ ७. एकूण ३१. म्हणजे स्थानिक वाटा ६९ टक्के. क्लास-वन पक्का, असं समजून दर ठरवायला सुरुवात झाली.

कॉस्ट अकाउंटंट मॅडमना बोलावलं ते वेगळ्या कामासाठी. यादी बघून त्यांनी मोटरींवर बोट ठेवलं. खरेदीवाले म्हणाले, “मॅडम, ते बिल इथल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातलं आहे. जीएसटी भरलाय, मग आयात कशी?” त्यांचं उत्तर एका वाक्याचं होतं: “दुकान मुंबईत आहे हो, मोटर कुठे गुंडाळली ते सांगा.”

हा मुद्दा पूर्वीही सूत्रात होता, पण पळवाटही होती. १९ जुलै २०२४ च्या सुधारणेनं ती बुजवली. वितरक किंवा विक्रेत्याकडून देशात घेतलेला आयात माल स्थानिक धरता येत नाही. परदेशी दिलेलं परवाना शुल्क, रॉयल्टी आणि तांत्रिक शुल्क धरता येत नाही. आयात माल नव्या खोक्यात घालून किंवा नवं नाव चिकटवून विकला तर तोही नाही.

उद्योगाचा गोंधळ आणखी एका कारणानं झाला होता. ड्रोनसाठीच्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेत, २०२१ ची १२० कोटींची, मूल्यवर्धनाची वेगळी व्याख्या होती: निव्वळ विक्रीतून ड्रोन आणि भागांची खरेदी वजा, मग ते भाग देशी असोत वा विदेशी. किमान मर्यादा ४० टक्क्यांची. तिथे देशी पुरवठादाराचा भागही वजा होतो, खरेदी आदेशात होत नाही. एकाच ड्रोनचे दोन आकडे निघतात आणि दोन्ही बरोबर असतात. जुन्या फाइलमधला आकडा नव्या निविदेत उचलला की घोटाळा झालाच म्हणून समजा.

हिशेब पुन्हा मांडला

प्रत्येक भागाच्या मागे जाऊन मूळ देश शोधायला पाच दिवस गेले. आकडा असा सरकत गेला.

थेट आयात ३१, त्यावर सीमाशुल्क, विमानभाडं आणि क्लिअरिंग मिळून ३. झाले ३४.

मोटरी आणि त्यांचे स्पीड कंट्रोलर, मुंबईच्या विक्रेत्याकडून, ९. एकूण ४३.

बॅटरीचा पॅक पुण्याहून येतो, किंमत ८. पॅकवर आयएस १६०४६ ची बीआयएस नोंदणी आहे, बिल भारतीय आहे, पण सेल परदेशी आणि बॅटरीवर लक्ष ठेवणारा बीएमएसचा बोर्डही. पुरवठादार सेलचा दर सांगेना, त्याचं मार्जिन उघडं पडलं असतं. शेवटी त्याच्या सीएकडून फक्त टक्केवारीचा दाखला घेतला: तीन-चतुर्थांश आयात. म्हणजे ६. एकूण ४९.

कार्बन फायबर सातिवलीला कापलं जातं, पण शीट आयात. कापणीची मजुरी स्थानिक, शीटचे २ आयात. ५१. पंखे आणि कनेक्टर मिळून आणखी २. ५३.

ग्राउंड स्टेशनमधल्या नकाशा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा परदेशी परवाना, प्रति ड्रोन ४. याकडे कुणी खर्च म्हणून पाहिलंच नव्हतं, कारण तो संचालकांच्या कार्डावरून वर्षाला एकदा जात होता. ५७.

मग भाजकाचा प्रश्न आला. १०० मध्ये प्रशिक्षणाचे ३ आणि देखभालीचे ६ होते. मार्च २०२१ च्या खुलाशानुसार आयात माल देणाऱ्याला वाहतूक, विमा, उभारणी, प्रशिक्षण आणि देखभाल या सेवा स्थानिक मूल्य म्हणून दाखवता येत नाहीत. हा ड्रोन पूर्ण आयात नव्हता, त्यामुळे त्या ९ वर वाद घालता आला असता. मॅडमनी ते बाहेरच ठेवायला लावले. भाजक ९१, आयात ५७, उरले ३४. स्थानिक वाटा ३७.४ टक्के.

भागाच्या मागे किती पायऱ्या जायचं, हे सूत्रात येत नाही. उद्योगानं स्वतःपुरता नियम केला: शंभरात एक किंवा त्याहून मोठ्या भागासाठी पुरवठादाराचा लेखी दाखला, त्याहून किरकोळ सगळं सरसकट आयात. दाखल्याविना देशी धरायचं नाही. नियम कडक आहे, पण त्यामुळे वाद फक्त आठ-दहा ओळींपुरता उरतो.

दुसरा धक्का: सिंगापूरचं इन्व्हॉइस

निविदा बंद व्हायला नऊ दिवस असताना फ्लाइट कंट्रोलरचा कागद निघाला. तो सिंगापूरच्या वितरकाकडून यायचा, म्हणून सगळे त्याला सिंगापूरचाच समजत होते. बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयातीच्या वेळी सीमाशुल्क खात्याला द्यायच्या पत्रकात, ‘माल कुठून निघाला’ आणि ‘मूळ देश’ असे दोन वेगळे रकाने असतात. दुसऱ्या रकान्यात चीन लिहिलं होतं, आणि ते वर्षभर तसंच लिहिलं जात होतं. सीएचए, म्हणजे सीमाशुल्काची कामं करणारा एजंट, ते बिनचूक भरत होता. गाळ्यात कुणी वाचत नव्हतं.

इथे आणखी एक गैरसमज दूर करावा लागला. जुलै २०२० मध्ये जीएफआरच्या (केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांच्या) नियम १४४ (अकरा) खाली आलेलं बंधन बोली लावणाऱ्यावर आहे, त्याच्या मालकीवर आहे. भारतीय बोलीदारानं शेजारी देशातून सुटे भाग आणले तर त्या नियमानं अडत नाही. पण या निविदेत खरेदीदाराची स्वतःची अट होती आणि तिच्यात कंट्रोलरचं नाव होतं. सार्वजनिक नियमात बसतो म्हणून निविदेच्या अटीत बसेल असं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करानं चिनी भागांच्या कारणावरून ४०० ड्रोनचे करार रद्द केल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून अशी अट अनेक निविदांत दिसते.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग सगळ्यांना माहीत असतो: ५५ टक्के लिहायचं आणि क्लास-वन म्हणून बोली लावायची. खरेदीवाल्यांचा युक्तिवाद होता की बाजारात सगळेच असं भरतात. असेलही. पण खोटं घोषणापत्र जीएफआरच्या नियम १७५ प्रमाणे सचोटीच्या संहितेचा भंग ठरतो आणि नियम १५१ खाली दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. ज्या उद्योगाची बहुतांश विक्री सरकारी आहे, त्याला दोन वर्षं म्हणजे कुलूपच. शिवाय तक्रार करणारा प्रतिस्पर्धी तोच भाग त्याच विक्रेत्याकडून घेत असतो, त्याला माहिती शोधावी लागत नाही.

दुसरा मार्ग क्लास-टू म्हणून खरा आकडा देण्याचा. त्यात प्राधान्य नाही, आणि दर सर्वांत कमी ठेवला तरी निम्मी ऑर्डर जाण्याची शक्यता. तिसरा, ही निविदा सोडून देण्याचा. चौथा, पुरवठ्याच्या मुदतीत रचना बदलून ५० गाठण्याचा, आणि तो लगेच बाद झाला. टाइप सर्टिफिकेट तपासलेल्या रचनेचं असतं. चार मोठे भाग एकदम बदलले तर मॉडेल नवंच ठरण्याची भीती. नियमात तपासणी संस्थेला ६० दिवस आणि नंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला १५ दिवस आहेत. प्रश्न-उत्तरांत अर्जदाराकडून जाणारा वेळ वेगळा. पुरवठ्याची मुदत १२० दिवसांची होती.

दुसरा मार्ग निवडला, एका बदलासह: फक्त फ्लाइट कंट्रोलर देशी करायचा. तो बदल केला नसता तर ड्रोन निविदेत बसलाच नसता, त्यामुळे त्याला पर्याय नव्हताच. त्यानं आयात ३ ने कमी होत होती. घोषणापत्रात आयात ५४, स्थानिक वाटा ४०.७ टक्के लिहिला. मूल्यवर्धन कुठे होतं ते ठिकाणही लिहावं लागतं. भांडुप, सातिवली आणि नवी मुंबई अशी तीन नावं दिली.

काय केलं, आणि काय बिघडलं

कंट्रोलरसाठी खुल्या रचनेचा, एसटीएम३२एच७ मालिकेच्या प्रोसेसरवर चालणारा बोर्ड घेतला. त्यावर चालणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरचे दोन मोठे प्रवाह आहेत: पीएक्स४ चा परवाना सैल आहे, आर्डुपायलटचा जीपीएल, म्हणजे बदललेला कोड ग्राहकानं मागितला तर द्यावा लागतो. उद्योगानं आर्डुपायलट ठेवलं, कारण पायलटांना त्याचीच सवय होती. स्रोत कोड देण्याची तयारी मात्र लेखी ठेवली. बोर्ड नवी मुंबईतल्या एका जुळणी कारखान्यात बसवून घेतले.

पहिल्या खेपेत जवळपास निम्मे बोर्ड परत आले. महिना जुलैचा. बोर्डावरचे काही सेन्सर ओलाव्याबाबत नाजूक असलेल्या तिसऱ्या पातळीचे. पाकीट उघडल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंत १६८ तास चालतात. रबाळे पट्ट्यात पावसाळ्यात ६० टक्के आर्द्रता फक्त ड्राय कॅबिनेटमध्येच मिळते. सेन्सरची उघडी रीळं शनिवार-रविवार मशीनवर राहिली होती. भाग बोर्डाला डाखणाऱ्या रिफ्लो भट्टीत आत साठलेली वाफ फुगली आणि जाइरोचे, म्हणजे ड्रोनचं वळणं मोजणाऱ्या सेन्सरचे, वाचन भरकटले. त्यानंतर नियम झाला: उघडलेलं रीळ रात्री कॅबिनेटमध्ये, रिळावर उघडल्याची वेळ, मुदत गेली तर भाजून, म्हणजे तापवून ओलावा काढून, मगच वापर.

दुसरी चूक जास्त फसवी. समुद्राकाठच्या वापरासाठी बोर्डावर संरक्षक लेप द्यायचा ठरला. लेप देणाऱ्यानं बॅरोमीटरचं छिद्र झाकलं नाही, लेप आत गेला. टेबलावर बोर्ड ठीक, हवेत उंची हळूहळू सरकत जायची. मुरबाडला एक ड्रोन ६० मीटरवरून ५० वर उतरत राहिला, तेव्हा कळलं. उपाय क्षुल्लक: लेपाआधी छिद्रावर उष्णता सहन करणाऱ्या टेपचा ठिपका, नंतर काढायचा आणि वर काळ्या फोमचा तुकडा, कारण प्रकाशही त्या सेन्सरला गोंधळवतो. हे रेखाचित्रात लिहिलेलं नव्हतं. परदेशी बोर्डात ते आधीच केलेलं असायचं, म्हणून कुणाला माहीत नव्हतं. आयात भागाबरोबर असं न लिहिलेलं ज्ञानही येत असतं. देशी करताना त्याची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि ती कुठल्याच टक्केवारीत येत नाही.

पहिला निकाल

चार बोल्या आल्या. या उद्योगाचा दर सर्वांत कमी, १००. एका क्लास-वन बोलीदाराचा ११२, म्हणजे २० टक्क्यांच्या आत. त्याला १०० वर यायला विचारलं, तो आला. ३६ पैकी १८ त्याला, १८ यांना. पुरवठा दोन आठवडे उशिरा झाला आणि आठवड्याला अर्धा टक्का याप्रमाणे एक टक्का कापला गेला. मूळ देशाची कागदपत्रं तपासणीत मागितली गेली. बोर्डाचे जुळणीचे दाखले आणि बाकीच्या बिल ऑफ एंट्री तयार होत्या, एक प्रश्नही परत आला नाही.

दुसरी फेरी: कुठला भाग आधी देशी करायचा

मालकांना पहिल्यापासून मोटर स्वतःची हवी होती. ड्रोनचा सगळ्यात दिसणारा भाग तो, आणि वसईला वाइंडिंग करणारे कारागीर आहेतच. हिशेब वेगळं सांगत होता. इथे गुंडाळलेल्या मोटरीतही चुंबक आणि पातळ सिलिकॉन स्टीलच्या पट्ट्या बाहेरच्या. ९ पैकी फार तर अडीच वाचणार होते, आणि नमुन्याचं वजन वाढल्यानं उड्डाणाचा वेळही घटला. त्यात एप्रिल २०२५ मध्ये चीननं डिस्प्रोशियम, टर्बियम यांसारख्या मूलद्रव्यांवर आणि ती असलेल्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला. तापणाऱ्या मोटरीला १५० अंशांपर्यंत टिकणारी एसएच श्रेणी लागते, साधा एन५२ चुंबक ८० अंशांच्या पुढे शक्ती गमावतो. आणि नेमक्या या उष्णता सहन करणाऱ्या श्रेणींतच ती मूलद्रव्यं घालतात. दुर्मीळ मृदा खनिजं काढणाऱ्या सरकारी कंपनीचं मुख्यालय प्रभादेवीला, आणि भांडुपला चुंबक मिळेना. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं अशा चुंबकांच्या कारखान्यांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. तिचा माल बाजारात यायला वेळ आहे.

म्हणून क्रम दर टक्क्यामागच्या खर्चावर लावला. सर्वांत स्वस्त निघालं सॉफ्टवेअर: परदेशी परवाना बंद करून खुल्या साधनांवर स्वतःची प्रणाली बांधली, आयात ४ ने घटली. दोन अभियंते पाच महिने त्यावर होते. रेडिओ एका देशी उत्पादकाचा घेतला, ४ वाचले, पल्ला थोडा कमी झाला. गिंबलचा सांगाडा इथे मशीनवर काढला, कॅमेरा तोच ठेवला, आणखी ४. कॅमेऱ्याला पर्याय नव्हता, शोधण्यात वेळही घालवला नाही. आयात ५४ वरून ४२. भाजक ९१ धरून स्थानिक वाटा ५३.८ टक्के. बदललेल्या मॉडेलचं प्रमाणन निविदा येण्याआधी करून घेतलं.

पुढची निविदा जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, रिव्हर्स ऑक्शनची होती, जिथे बोलीदार दर खाली आणत जातात, आणि तिथे सूत्राचा तिढा समोर आला (इथून पुढचे दर प्रशिक्षण आणि देखभाल वगळून). नफा स्थानिक मूल्यात धरला जातो. दर खाली आणला की नफा घटतो, आयात तेवढीच राहते, आणि टक्केवारी पडते. आयात ४२ असेल तर ८४ च्या खाली क्लास-वन राहतच नाही. ९१ वरून ८४ म्हणजे पावणेआठ टक्के. ऑक्शनच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत एवढं सहज उतरतं. रुपया घसरला तरी तीच गत: ९१ वर टिकून राहिलात तरी आयात सव्वाआठ टक्क्यांहून थोडी जास्त महागली की ५० ची रेषा ओलांडली. उद्योगानं ८६ वर थांबायचं आधीच लिहून ठेवलं होतं. ते थांबले. ऑर्डर ८१ ला दुसऱ्या क्लास-वनला गेली. त्या दराला पन्नास टक्के कसे बसले, हा प्रश्न गाळ्यात बराच चघळला गेला. तक्रारीसाठी शुल्क असू शकतं आणि हातात पुरावा नव्हता. त्यांनी तक्रार केली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मूळ देशाची नोंदवही पहिल्या खरेदीपासून हवी होती. रकाने मोजकेच: भाग, पुरवठादार, बनवणारी कंपनी, मूळ देश, त्याचा पुरावा, करासह किंमत, तारीख. माल आत घेणाऱ्या माणसानंच बिल ऑफ एंट्री वाचून भरायची, महिनाअखेरीस अकाउंटंटनं नव्हे. विक्रेत्याच्या खरेदी ऑर्डरवरच ‘मूळ देशाचा दाखला दिल्याशिवाय बिल मंजूर नाही’ असं छापलं असतं, तर पाच दिवसांची धावपळ वाचली असती. ऑर्डर हातात पडल्यावर विक्रेता दाखला द्यायला टाळाटाळ करतो; पैसे थांबलेले असताना नाही.

निविदापूर्व बैठकीत प्रश्न विचारायला हवा होता: ‘फ्लाइट कंट्रोलरचं मूळ’ म्हणजे बोर्डाची जुळणी, की त्यावरच्या चिप्सही? बैठक झाली तेव्हा त्यांना हा प्रश्नच पडलेला नव्हता. लेखी उत्तर मिळालं असतं तर बोली लावताना छातीत धडधड नसती.

देशी बोर्डाची पहिली खेप पावसाळ्यात काढली, हेही टाळता आलं असतं. नोंदणीच्या वेळी जुळणी कारखान्याचं ड्राय कॅबिनेट बघून घेतलं असतं, तर तारखेचाही प्रश्न आला नसता.

किमतीबाबत मात्र मत विभागलेलं आहे. मॅडमचं म्हणणं, आयात खर्चावर फॉरवर्ड करार करून डॉलरचा दर बांधून घ्यावा. मालकांना इतक्या लहान रकमेवर बँकेचं शुल्क परवडत नाही. त्याऐवजी त्यांनी बीएमएसचा बोर्ड आणि पंखे देशी करून आणखी २ काढले. आयात ४० झाली, म्हणजे तळ ८० वर आला.

याचा उपयोग तिसऱ्या निविदेत झाला. सर्वांत कमी दर एका क्लास-टूचा, ८२. यांचा ९०, २० टक्क्यांच्या आत, म्हणून ८२ वर यायला विचारणा आली. आयात अजून ४२ असती तर ८२ वर स्थानिक वाटा ४८.८ टक्के झाला असता, आणि ज्या प्राधान्यामुळे बोलावलं तेच हातून गेलं असतं. ४० वर तो ५१.२ बसला. घोषणापत्र नव्या दरावर पुन्हा काढून दिलं आणि निम्मी ऑर्डर घेतली.